सीटखालचा नंबर

गवत कापायच्या मशीनखाली उताणा पडलेला असताना, तोंडावर वाळक्या गवताचा भुगा पडत असताना, वायसरला वस्तादांचं पत्र आठवलं. उत्तर न दिलेलं. ते पत्र त्याला नेहमी असंच आठवायचं, हात अडकलेले असताना. उठून काही करता येऊ नये अशा वेळी. हात मोकळे झाले की विसरायला होतं असं तो स्वतःला सांगे, पण खरं पाहता तो विसरत कधीच नव्हता.

पत्र मोठं नव्हतंच. ‘मी मुलीकडे पोचलो. इथे गवत नाही, जिकडे तिकडे फरशी. मशीन कसं आहे? चालू आहे ना? दोन ओळी टाक.’ खाली सही आणि पत्ता. पत्ता मात्र वस्तादांनी मोठ्या अक्षरांत, सावकाश काढला होता. उत्तर येणार याची माणसाला खात्री असली की तो पत्ता असा काढतो.

उत्तर राहिलं त्याला कारण होतं. पत्र आलं त्याच आठवड्यात मशीनचा बेल्ट जळला होता. ज्या माणसाने हे काम शिकवलं आणि जाताना मशीन पुसूनबिसून, चालू स्थितीत आपल्या हाती दिलं, त्याला ‘बंद आहे’ असं कोणत्या तोंडाने लिहायचं? नवा बेल्ट बसू दे, मग लिहू, असं वायसरने ठरवलं. नवा बेल्ट आला, बसला आणि घसरू लागला. मग घसरणं थांबलं की लिहू, असं ठरलं. ते थांबलं नाही. पुढे इतका काळ गेला की उत्तराआधी उशिराबद्दल माफी मागायला हवी होती. आणि मग माफीलाही इतका उशीर झाला की तिची वेगळी माफी मागावी लागली असती. पत्र मशीनच्या पुस्तकात घडी घालून राहिलं. तरुण वायसर म्हातारा झाला.

मशीन होतं बसून चालवायचं, छोट्या ट्रॅक्टरसारखं. पुढे इंजिन, मागे सीट, पोटाखाली पत्र्याचं झाकण आणि झाकणाखाली गरगरणारी पाती. कधीकाळी लाल होतं, आता विटेच्या रंगावर गेलं होतं. बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. रुग्णालयाच्या इमारतीपुढे जी लांबरुंद हिरवळ होती ती या मशीनवर, आणि पर्यायाने वायसरवर, सोपवलेली होती. जुनाट दुखण्यांचं रुग्णालय होतं ते. माणसं तिथे महिनोन्महिने पडून असत आणि खिडकीतून त्यांना काही दिसायचं तर ते हे गवत, आणि त्यावरून जाणारा, मान खाली घालून बसलेला हा माणूस.

वायसर हे अर्थातच त्याचं नाव नव्हतं. नटाखाली जी पातळ गोल चकती घालतात तिला वर्कशॉपात वायसर म्हणतात. बेल्ट घसरला की तो ताणणाऱ्या स्प्रिंगच्या आकड्यामागे हा एक वायसर वाढवायचा, म्हणजे स्प्रिंग जरा जास्त ओढली जाई आणि बेल्टला थोडा ताण येई. काही दिवस बरे जात. पुन्हा घसरला की आणखी एक. त्यावरून गेटवरच्या पहारेकऱ्याने नाव पाडलं, आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं गेलं तर वायसर क्षणभर इकडेतिकडे बघायचा.

“उठलं का रे घोडं?” पहारेकरी शेडच्या दारात येऊन उभा राहिला होता.

“उठलंय,” वायसर मशीनखालून म्हणाला. “चालत नाही.”

“म्हणजे तुझ्यासारखंच. सकाळी उठायचं तेवढं उठतं.”

वायसर हसला, म्हणजे मशीनखालून थोडा भुगा उडाला. एरवी त्याने हे बोलणं मजेत घेतलं असतं. पण या आठवड्यात त्याला हसण्याचंही ओझं वाटत होतं.

कारण आठवड्याच्या सुरुवातीला व्यवस्थापक शेडपाशी आले होते. नवे होते, तरुण होते, माणूस वाईट नव्हता. या महिन्याअखेरीस वायसरची नोकरी संपत होती आणि नोकरीबरोबर शेडमागचं क्वार्टरही सोडायचं होतं. व्यवस्थापकांनी मशीनकडे पाहून विचारलं, हे अजून चालतं का. वायसरने खरं ते सांगितलं: सपाटीवर चालतं, चढावर घसरतं. त्यावर ते म्हणाले, “नीट चालवून दाखवा काका. मग तुम्हाला ठेवून घ्यायचं बघू. दुसऱ्या कुणाला येतंय हे चालवायला?” बोलताना ते फोनकडे बघत होते. पण वायसरने ते वाक्य जसंच्या तसं घरी आणलं आणि बायकोपुढे ठेवलं. मशीन नीट चाललं तर आपण इथेच. नाही चाललं तर मुलाकडे.

मुलाकडे एक खोली मिळणार होती, आणि त्या खोलीत आधीच मुलाचं कपाट, नातवंडांच्या सायकली आणि सुनेचं शिवणयंत्र होतं. मुलगा चांगला होता. “या की बाबा, जागा करू,” असं तो फोनवर म्हणाला होता, आणि ‘करू’ या शब्दातच जागा नाही हे सगळं आलं होतं. बायकोने क्वार्टरच्या भिंतीलगत ओळीने लावलेल्या कुंड्यांना फक्त पाणी घातलं, त्या दिवशी दुसऱ्यांदा.

वायसरने मशीन मुळापासून हातात घेतलं. जुनं काळंकुट्ट ऑइल काढून नवं भरलं. प्लग काढून घासला. कार्बोरेटर सोडवून रॉकेलमध्ये बुडवला आणि त्याची बारीक भोकं तारेने मोकळी केली. पाती काढून कानशीने धार लावली, मग भिंतीतल्या खिळ्यावर एकेक पातं अडकवून पाहिलं. पातं एका बाजूला कलतं का? कललं तर ती बाजू जड. तिकडून आणखी जरा घासायचं. दोन्ही बाजू तोलल्या की पातं खिळ्यावर आडवं, स्वस्थ राहतं. हे वस्तादांनी शिकवलेलं. “पातं खिळ्यावर झोपलं पाहिजे,” ते म्हणत. वायसरचं प्रत्येक पातं झोपायचं. एवढं एक काम आपल्याला येतं असं त्याला वाटे, आणि लगेच वाटे की यात काय मोठं, हे कुणालाही येईल.

इंजिन पहिल्या झटक्याला धरलं. छान, भरीव आवाज आला. सपाटीवर मशीन दोन फेऱ्या चाललं. मग वायसरने ते धुलाईघराकडच्या चढाला घातलं. अर्ध्यावर इंजिन तसंच धडधडत राहिलं आणि मशीन जागच्या जागी थांबलं. रबर जळल्याचा वास आला. हळूहळू ते मागे सरकू लागलं तसा वायसरने ब्रेक दाबला.

नवल वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. हा चढ मशीन त्याच्या हातून कधी चढलंच नव्हतं. वस्ताद होते तोवर चढायचं. वस्ताद गेले, काही आठवड्यांनी बेल्ट बदलला, आणि तेव्हापासून त्या चढावरचं गवत वायसर विळ्याने कापत आला होता, उकिडवं बसून. गुडघे त्यातच गेले. वस्तादांच्या हाताखाली चालायचं आणि आपल्या हाताखाली घसरतं, याचा अर्थ उघड होता. अर्थ शोधायला फार लांब जावं लागत नव्हतं.

मशीनचं पुस्तक त्याला जवळजवळ पाठ होतं. सीटखाली रिव्हेट मारलेल्या छोट्या प्लेटवर मॉडेलचा नंबर होता, वस्ताद गेल्यावर त्याने त्या नंबरावरून मागवलेलं हे पुस्तक, आणि त्यातच त्या नंबराला लागणारा बेल्ट लिहिलेला. वायसर तोच मागवायचा. पुस्तकात एक-दोन गोष्टी जुळत नसत. चित्रात स्प्रिंगचा आकडा डाव्या अंगाला होता, मशीनमध्ये उजव्या. चित्रात एक कप्पी जास्त दिसे. अशा ठिकाणी त्याने पेन्सिलीने प्रश्नचिन्हं करून ठेवली होती. पण छापलेलं पुस्तक आणि आपण, यांत चुकत असेल तर कोण चुकत असेल हे त्याला स्वतःला विचारावं लागलं नाही. चित्र आपल्याला नीट कळत नाही, असं धरून तो चाले.

त्या दुपारी पात्यांवरच्या झाकणाला गंजून पडलेलं भोक त्याच्या लक्षात आलं. दगड उडून कुणाला लागायचा. बेल्टचं काही करता येत नाही तर निदान हे तरी करू, म्हणून तो ठिगळाला पत्रा शोधू लागला. चांगला जाड पत्रा त्याच्या माहितीत एकच होता. दाराशेजारच्या सगळ्यात मोठ्या कुंडीखाली एक जुना वाकलेला पत्रा होता, कुंडीचं पाणी भिंतीत मुरू नये म्हणून ठेवलेला.

“तिला हात लावू नका,” बायको आतून म्हणाली. त्याची पावलं कुठे थांबली हे तिला न बघता कळायचं.

“कुंडी नाही नेत. खालचा पत्रा पाहिजे.”

“एवढी वर्षं मी म्हणते तो पत्रा टाका, तर म्हणे लागेल कधी. आता लागला.”

“लागला ना पण?”

“लागला,” ती बाहेर येत म्हणाली. “आता इथून निघायच्या वेळी लागला.”

तरी तिने कुंडी कलती करायला हात दिला. दोघांनी मिळून ती सरकवली. खालून गांडुळं निघाली, ओल्या मातीचा वास आला. वायसरने पत्रा उचलून शेडमध्ये नेला आणि माती खरवडू लागला. तो मशीनच्याच जुन्या सीटचा बसका होता. सीट ज्यावर बोल्टांनी बसते तो खोलगट पत्रा. वस्ताद गेल्यावर थोड्याच दिवसांनी तो तडकला होता. वायसरने तेव्हा भंगारवाल्याकडून त्याच कंपनीच्या, त्याच रंगाच्या दुसऱ्या मशीनचा बसका आणून बसवला होता. बोल्टांची भोकंसुद्धा तंतोतंत जुळली होती. एकट्याने केलेलं ते त्याचं पहिलं काम, आणि त्या दिवशी त्याने बायकोला शेडमध्ये बोलावून ते दाखवलंही होतं.

रॉकेलच्या बोळ्याने पत्र्याची खालची बाजू पुसताना बोटांना एक चौकोन लागला. चार कोपऱ्यांना चार रिव्हेट.

वायसर बराच वेळ पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत होता. मग त्याने प्लेट उजेडाकडे केली. नंबर मशीनच्या सीटखाली होता तसाच होता, शेवटचे दोन आकडे सोडून.

तो मशीनवर जाऊन बसला. सीट जुनी, फाटकी, त्याच्या शरीराच्या आकाराची झालेली. तिच्याखाली दुसऱ्याच कुठल्यातरी मशीनचं नाव होतं, केव्हाच भंगारात गेलेल्या मशीनचं. त्या मेलेल्या मशीनचं पुस्तक तो आयुष्यभर वाचत आला होता आणि त्याचा बेल्ट या जिवंत मशीनला घालत आला होता. हव्या त्यापेक्षा बोटाच्या पेराएवढा लांब असेल तो बेल्ट, फार तर. तेवढं पुरे झालं होतं.

वस्तादांना नुसतं लिहिलं असतं, ‘बेल्ट घसरतो’, तर त्यांनी पहिल्या झटक्याला विचारलं असतं, कुठला नंबर घातलास? त्यांना तो तोंडपाठ होता. एका पत्राचं काम होतं.

बायको दारात आली. काही तुटलं का, असं तिने विचारलं. त्याने तिला दोन्ही नंबर दाखवले आणि जमेल तसं समजावलं.

“म्हणजे तुमचा हात वाईट नव्हता,” शेवटी ती म्हणाली.

“हात नव्हता,” तो म्हणाला. “डोकं होतं.”

पदराने तिने त्याच्या गालावरचा चिखल पुसला आणि कुंडीखाली घालायला दुसरं काय मिळतं ते बघायला गेली.

बाजाराच्या रस्त्यावर सुट्या भागांचं दुकान होतं. दुकानदाराने नेहमीचा नंबर लिहायला पेन्सिल उचलली तर वायसरने वेगळाच सांगितला. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. मग स्टूल घेऊन मागच्या भिंतीवर, छताजवळच्या खिळ्यावरून त्याने एक बेल्ट काढला. धूळ झटकली तशी दोघांनाही शिंक आली.

“हा आमच्या वडिलांनी मागवून ठेवलेला,” दुकानदार म्हणाला. “न्यायला कधी कुणी आलंच नाही. तुमच्याकडे आहे का असं मशीन?”

“आमच्याकडेच होतं,” वायसर म्हणाला.

दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. रबर इतकं जुनं, की उद्या तुटलं तर माझ्या नावाने बोंब नको, असं म्हणाला. वायसरने बेल्ट दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. तडे नव्हते. अंधारात टांगलेला राहिल्यामुळे तो टिकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने प्लगची वायर काढली, पात्यांचं झाकण उतरवलं आणि मशीनखाली आडवा झाला. जुना बेल्ट आपोआपच गळून पडला. नवा चढवताना त्याला वाटलं, हा फारच आखूड आहे, आपलं पुन्हा चुकलं. दोन कप्प्यांवरून गेला, तिसरीशी अडला. मग त्याच्या लक्षात आलं, स्प्रिंग आकड्यामागच्या वायसरांनी नको इतकी ताणलेली होती. वायसर काढायला हवे होते. त्याने नट सैल केला आणि ते एकेक करून काढू लागला. गंजलेले, एकमेकांना चिकटलेले, काही पार झिजून कागदासारखे झालेले. शेवटचा निघाला तसा बेल्ट कप्पीच्या खाचेत चट्‍दिशी जाऊन बसला, जसा काही तिथे यायचीच वाट बघत होता. वायसरने सगळे वायसर खिशात टाकले. खिसा खाली ओढला गेला.

चढाच्या पायथ्याशी त्याने मशीन क्षणभर थांबवलं. पहारेकरी गेट सोडून येऊन उभा होता. बायको कुंड्यांपाशी होती, हातातलं भांडं तसंच. वायसरने क्लच सोडला.

मशीन चढलं. त्यात काही विशेष नव्हतं. इंजिनचा आवाज जरा जड झाला, चाकांनी गवत धरलं आणि ते सरळ चढत गेलं, मागे कापलेल्या गवताचा पट्टा सोडत. धुलाईघरापाशी वायसरने ते वळवलं आणि तसंच खाली आणलं. मग पुन्हा वर नेलं, तिथे कापायला काही उरलं नसताना.

“आता तुला काय म्हणायचं रे?” पहारेकरी ओरडला. “नाव बदलावं लागेल.”

“आहे ते राहू दे,” वायसर म्हणाला. “नवं शिकायचं वय नाही आता तुझं.”

गेल्या कित्येक दिवसांत त्याने केलेली ही पहिली थट्टा होती, आणि ती ऐकून बायको चक्क हसली. वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीत कुणीतरी हात हलवला. वायसरने उलट हात हलवला नाही. आपल्यालाच असेल कशावरून, असं त्याला वाटलं.

दुपारी तो व्यवस्थापकांना बोलवायला गेला. ते लगेच आले. वायसरने मशीन चढवून दाखवलं, उतरवून दाखवलं, इंजिन बंद न करताच खाली उतरला आणि हात पुसत उभा राहिला.

“मस्तच झालंय काका,” व्यवस्थापक म्हणाले, अगदी मनापासून. मग जरा थांबले. “पण तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?”

“काय साहेब?”

“गवतच राहणार नाहीये इथे. गाड्या लावायला जागा पुरत नाही. इथून धुलाईघरापर्यंत सगळं सिमेंट होणार. कामाची ऑर्डर निघालीसुद्धा. हे मशीनही उद्या भंगारवाला घेऊन जाईल.”

इंजिन धडधडत होतं. वायसरने ऐकू आलं नाही असं करायचा प्रयत्न केला, पण ऐकू आलं होतं.

“तुम्ही म्हणाला होतात,” तो म्हणाला, “नीट चालवून दाखवा, मग बघू.”

“असं म्हणालो होतो?” व्यवस्थापकांनी आठवायचा प्रयत्न केला. ते खरोखरच आठवत होते, कपाळाला आठ्या घालून, आणि त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. तेच जास्त वाईट होतं. खोटं बोलणाऱ्यावर निदान रागावता येतं.

“नसालही म्हणाला,” वायसर म्हणाला. “माझाच समज झाला असेल.”

व्यवस्थापकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. निरोपाचा कार्यक्रम चांगला करू, म्हणाले.

संध्याकाळी बायकोने कुंड्या वाटायला काढल्या. दोन पहारेकऱ्याला, काही सिस्टर लोकांना. मोठी कुणी घेईना, उचलणार कोण म्हणून. वायसर टेबलाशी बसून लिहीत होता. आधी त्याने उशिराबद्दल लिहिलं, ते खोडलं. मग प्लेटबद्दल, बसक्याबद्दल, शेवटच्या दोन आकड्यांबद्दल पानभर लिहिलं. वाचून पाहिलं तर ते तक्रारीसारखं वाटलं, आणि तक्रार कुणाविरुद्ध ते कळेना. तेही ठेवून दिलं. सिमेंटबद्दल लिहायचा त्याला धीर झाला नाही. वस्तादांनी मशीनबद्दल विचारलं होतं. हिरवळीबद्दल विचारलं नव्हतं.

“कुणाला लिहिताय एवढं?” बायकोने विचारलं.

“वस्तादांना.”

ती हातातली कुंडी खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. “अहो, तो माणूस आहे तरी का आता?”

“पत्ता आहे,” तो म्हणाला.

शेवटी कागदावर जेमतेम दोनच ओळी राहिल्या. ‘मशीन चालू आहे. धुलाईघराकडचा चढही चढतं.’ खाली त्याने सही केली. पण पाकीट बंद करायच्या आधी तो अडला. चालू आहे, असं लिहिलं खरं. पण पत्र पेटीत पडेल तेव्हा ते चालू असेल का? शेडमध्ये बंद उभं असलेलं मशीन चालू म्हणायचं का? एवढी वर्षं खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिलं नव्हतं. आता शेवटाला लिहून खोटं निघालं तर काय उपयोग? त्याने पाकीट सकाळवर टाकलं.

सकाळी भंगारवाल्याचा ट्रक गेटातून आत आला. वायसरने त्याआधीच मशीन पुसून बाहेर काढलं होतं. दिव्यांच्या काचा, सीट, चाकांच्या मधल्या बशा, सगळं पुसलं होतं. ड्रायव्हर फळ्या लावून दोर सोडू लागला, तेव्हा वायसरने किल्ली फिरवली. इंजिन लागलं.

“काका, चालू कशाला केलंत?” ड्रायव्हर म्हणाला. “बंदच ढकलू वर. दोर बांधायचाय मला.”

“जरा राहू दे चालू. आलोच मी.”

“भंगारात जाणाऱ्याला पेट्रोल कशाला जाळता?”

“जळू दे,” वायसर म्हणाला. “मी हात केला की बंद कर. किल्ली डावीकडे. हळू फिरव, ती सैल आहे.”

ड्रायव्हरने पहारेकऱ्याकडे पाहिलं. पहारेकऱ्याने, हा माणूस असाच आहे, अशा अर्थाने मान हलवली. पण आज त्याने विनोद केला नाही.

टपालपेटी गेटाबाहेर, भिंतीला होती. तिथवर जाईपर्यंत वायसर गवताच्या कडेकडेने चालला. खिशातले वायसर पावलागणिक वाजत होते. ते त्याने काढून ठेवले नव्हते, कुठे ठेवायचे ते न सुचल्यामुळे. पेटीपाशी पोचल्यावर त्याने पाकीट एकदा उलटंसुलटं करून पत्ता पाहिला. वस्तादांनी काढला होता तसाच त्यानेही काढला होता, मोठ्या अक्षरांत, सावकाश. मग पाकीट फटीत सरकवलं आणि न सोडता तसंच धरून तो कान देऊन उभा राहिला.

मागे इंजिन एका लयीत चालू होतं. कुठे अडखळत नव्हतं.

त्याने पाकीट सोडलं. आत ते तळाला लागल्याचा बारीक आवाज आला. आणखी थोडा वेळ तो तसाच उभा राहिला. मग वळून त्याने ड्रायव्हरला हात केला.